शिलाईत माया ठेवा

लगीनसराई जवळ आली की माझ्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं. "काकू, दीड इंच कमीच धरा. लग्नापर्यंत मी बारीक होणार आहे." कधी नवरी मुलगी म्हणते, कधी तिची आई. मी सांगते, आज आहे त्या मापाचं शिवते, बारीक झालीस की घेऊन ये, घट्ट करून देते. काहीजणी रुसतात, एखादी दुसरा टेलर गाठते. तो तिला हवं तसं शिवून देतो आणि मग लग्नाच्या आदल्या रात्री हूक लागत नाही म्हणून रडारड होते. हळद लागलेल्या पोरीला माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून रडताना मी पाहिलंय. तिची चूक काय? तर लग्नघरात आठ दिवस पाहुणे होते, केळवणं होती आणि ती चार घास जेवली.

सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं बायकांची मापं घेतेय. टेप कंबरेवर आली की समोरची बाई श्वास आत ओढते. वय, शिक्षण, पगार काहीही असो, ओढतेच. मग मी "मुलगा कितवीत गेला?" असं काहीतरी विचारते. ती उत्तर द्यायला तोंड उघडते, श्वास सुटतो, आणि तेव्हा जे माप येतं ते मी वहीत लिहिते.

ब्लाउजच्या बाजूच्या शिलाईत आम्ही इंचभर माया ठेवतो. अंग कमीजास्त होणार हे धरूनच हा धंदा चालतो. वजन कमी करायचे बेत मात्र लोक असे आखतात की त्यात कापडाचा एक धागा जादा नाही. एक तारखेपासून गोड बंद, भात बंद, रोज पहाटे आमराईत पाच फेऱ्या. या बेतात पाऊस नाही, पाळी नाही, मुलाची परीक्षा नाही, सासऱ्यांचं ऑपरेशन नाही, गौरी-गणपती तर नाहीतच. आपल्याकडे श्रावण ते दिवाळी, मग हुरडा, संक्रांत, लग्नं, आंबे. मोकळा महिना आहे कुठला? तरी प्रत्येक वेळी बेत मोडला की बाई स्वतःलाच बोल लावते. माझं मत आहे की माघार ही होणारच, ती बेतातच धरायला हवी. ज्या सल्ल्यात ती धरलेली नाही तो सल्ला अर्धवट आहे, मग देणारा डॉक्टर असो, जिमवाला असो नाहीतर मैत्रीण.

माझ्या जुन्या वह्या 2019 च्या महापुरात गेल्या. आत्ताची त्यानंतरची. तीत बँकेतल्या एका ताईंचं पान आहे. दंडघेर साडेबारा, मग पावणेबारा, मग सव्वाबारा, मग साडेअकरा, मग पुन्हा पावणेबारा. दर दिवाळीनंतर त्या येतात आणि म्हणतात, "सगळं पाण्यात गेलं." मी पान उघडून दाखवते. साडेबारावरून पावणेबारावर आलात, पाण्यात काय गेलं? त्यांना गेल्या खेपेचं माप तेवढं आठवतं. पहिल्या मापापासून दंडाचा पाऊण इंच उतरलाय, त्याकडे लक्षच नाही.

खरं नुकसान माघारीनंतर होतं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपण उपासाची थट्टा म्हणून वापरतो, पण तिच्या पोटात एक स्वभाव आहे. आपण आहाराच्या नियमाला व्रतासारखं धरतो. सोवळ्यात एक शिंतोडा उडाला की ओवळंच, मग पुढचं काय पाळायचं? सकाळी कुणीतरी पेढा हातावर ठेवला, तो खाल्ला, झालं. "आज मोडलंच आहे" म्हणून दुपारी भडंग, संध्याकाळी वडापाव, आणि "आता सोमवारपासून बघू." पेढा शंभर कॅलरींचा असेल नसेल. सोमवारपर्यंतची वाट किती हजारांना पडते याचा हिशोब कुणी करत नाही.

हा काही आपलाच दोष नाही बरं. 1975 साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला होता. काहींना आधी मिल्कशेक पाजला, मग चव बघायच्या निमित्ताने सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं म्हणून. ज्या कायम डाएटवर होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम तुटला होता ना! पुण्यात आहारतज्ज्ञ असलेल्या माझ्या भाचीने हे सांगितलं तेव्हा मला माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचे चेहरे दिसले.

तिनेच मला पुरणपोळीचं गणित शिकवलं, ते आता मी दुकानात सगळ्यांना ऐकवते. गौरीजेवणानंतर काटा दोन किलो वर गेला म्हणून कुणी कपाळाला हात लावून आली की मी विचारते, किती पोळ्या खाल्ल्या? तीन. बरं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दोन किलो चरबी चढायला पंधरा हजारांच्या वर हव्यात, त्याही रोजच्या जेवणावर जादा. तूप सोडलेली पुरणपोळी तीनशेची धरली तरी पन्नासच्या वर पोळ्या होतात. खाल्ल्यास का पन्नास? मग हे दोन किलो आहेत काय? बरंचसं पाणी. अंगात साठलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, एकेक ग्रॅम तिप्पट पाणी धरून ठेवतो. वर कटाची आमटी, भजी, पापड, लोणचं यांचं मीठ, तेही पाणी धरतं. आणि पोटातलं अन्न असतंच. नेहमीच्या जेवणावर आलं की यातलं बहुतेक काही दिवसांत उतरतं. हेच गणित उलटंही लागू आहे. नवीन डाएटच्या पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले म्हणून जी पेढे वाटते, तिचंही बरंचसं पाणीच गेलेलं असतं.

पण काही महिने नेटाने उतरवलेलं वजन हळूहळू परत येतं, ते मात्र पाणी नव्हे. तिथेही बाईला आळशी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पन्नास जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं होतं. 2011 साली तो अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वजन उतरल्यावर वर्ष झालं तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं पूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती. माणसांना भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. म्हणजे उतरवलेलं वजन टिकवताना शरीर आपल्या बाजूने नसतं. जिभेवर ताबा नाही, जिभेवर ताबा नाही, असं ज्यांना बारा महिने ऐकवलं जातं त्यांनी हे माहीत करून घ्यावं. ऐकवणाऱ्यांनी तर घ्यावंच.

ऐकवणाऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त बोलते, कारण दुकानात ते सगळं माझ्या कानावर पडतं. "किती सुटलीस गं!" हे आपल्याकडे नमस्काराच्या जागी म्हणतात. नवरे बाहेर स्कूटरवर बसून ओरडतात, "मावशी, कापड पुरलं का?" आणि स्वतःच हसतात. घरातली गंमत तर वेगळीच. तिने पोळी कमी केली की सासू म्हणते, "एवढं काय होतंय, खा की." परत वजन वाढलं की तीच म्हणते, "तुझ्याच्याने काही होणार नाही." वर तिच्याच हातचा फराळ सगळ्यांना हवा असतो आणि उरलेल्या चकल्या टाकवत नाहीत म्हणून तिनेच संपवायच्या असतात. मध्यंतरी दीक्षितांचा आहार की दिवेकरांचा, यावरून घराघरांत वाद झाले. एका पंथात दोनदाच जेवायचं, तेही 55 मिनिटांच्या आत. दुसऱ्यात भूक ओळखून थोडं-थोडं, तूप-भातासकट. मी दोन्हींनी फायदा झालेल्या बायका पाहिल्यात आणि दोन्ही सोडलेल्याही. वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारायचे, सोडून महिना झालेल्या बाईने परत सुरुवात कशी करायची, ते कोण सांगतंय का?

माझं स्वतःचं सांगायचं तर पायमशीनवर बसून गुडघे बोलायला लागले म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. उतरत होतं. मग तो 2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, दुकानात पाणी, आम्ही दिरांकडे वरच्या मजल्यावर अकरा माणसं. आलेल्या मदतीतली बिस्किटं, खिचडी, फरसाण, आणि काळजीने दिवसभर चहा. पुढे दोन महिने चिखल काढण्यात गेले. चालायला कुठे जाणार? उतरलेलं सगळं परत आलं. अशा वेळी बेत सांभाळायचा प्रश्नच नसतो. जगायचं असतं. मात्र दुकान सुरू झाल्यावर मी एकच गोष्ट धरली, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि ताट एकदाच वाढून घ्यायचं. चालणं जानेवारीत आलं, गोड त्याच्याही नंतर कमी झालं. सासूबाईंच्या आजारपणात हे चालणंही पुन्हा सुटलं, पण आठचं जेवण तेवढं बऱ्यापैकी राहिलं. सगळं एका दमात परत सुरू करायला गेलं की आठवड्यात दमछाक होते, हे मी अनुभवाने सांगते. एक धागा न सोडलेला असला की बाकीचे त्याला जोडता येतात.

आणि काट्याला एवढं डोक्यावर बसवू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, दिसायला दोघे शिडशिडीत. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपली चरबी काट्याला चकवते आणि पोटावर बसते. भारतीय बायकांसाठी कंबर 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. ब्लाउजची कंबर आणि डॉक्टरांची कंबर एक नव्हे, हेही सांगून ठेवते. त्यांचं माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचं. टेप दहावीस रुपयांना मिळते. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी माप घ्या आणि वहीत लिहा. सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढणं हा निव्वळ स्वतःला दिलेला त्रास आहे.

आता या सगळ्यावर वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत. 2025 मध्ये मार्चला माउंजारो आणि जूनला वेगोवी भारतात आलं. सांगलीतही विचारणा सुरू झालीय, लग्नाची तारीख धरून तर जास्तच. मी त्यांच्या विरोधात नाही. ज्यांना वजनापायी साखर, गुडघे, धाप यांचा जाच आहे त्यांना डॉक्टरांनी दिलं तर जरूर घ्यावं, त्यात लाज कसली? पण वेगोवीत जे औषध आहे, सेमाग्लुटाइड, ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं सरासरी दोन तृतीयांश परत आल्याचं 2022 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे माघार तिथेही आहे, फक्त महाग झालीय. परवा एक नवरी मुलगी सांगत होती, तीन महिने इंजेक्शन घेणार आणि लग्न झालं की बंद. मी विचारलं, बंद केल्यावर काय करायचं ते डॉक्टरांना विचारलंस का? म्हणाली, "ते लग्नानंतर बघू, काकू." तिचं माप मी आहे तेवढंच लिहिलं, आणि माया इंचाऐवजी दीड इंच ठेवली.