परिचारिकांचा अधिकार

पावसाळ्याच्या रात्री लांज्याकडचा एखादा शेतकरी फुरसे डसून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात येतो, तेव्हा पहाटेपर्यंत त्याच्या उशाशी कोण असते? डॉक्टर तपासून, औषध सांगून दुसऱ्या रुग्णाकडे जातात. त्यांना जावेच लागते. दंशाची जागा किती सुजली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले काय, लसीच्या कुप्या कपाटात किती उरल्या, हे पाहणारी परिचारिका असते. मात्र त्या कुप्या किती मागवाव्या, रात्रपाळीस माणसे किती असावीत, हे ठरविताना तिचे मत कितीदा विचारले जाते?

येथे २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जिल्ह्याच्या भाग्याची गोष्ट होय. प्राध्यापक कोण येणार, यंत्रे कोणती येणार, याची चर्चा गावभर होते. उद्याच्या अधिसेविका कशा घडणार, याची चर्चा आमच्या कानी आलेली नाही. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि मग अधिसेविका, अशी ही शिडी आहे. ती चढता चढता केस पिकतात. शुश्रूषेत निष्णात झालेल्या बाईच्या हाती एके दिवशी पाळ्यांचे तक्ते, साठ्याच्या नोंदवह्या आणि पन्नास माणसांची गाऱ्हाणी येतात. वर्गात उत्तम शिकविणारा शिक्षक मुख्याध्यापक होताच जमाखर्चात कसा गांगरतो, हे प्रस्तुत लेखकाने शाळेत जवळून पाहिले आहे. दोष त्या शिक्षकाचा नसतो. त्याला ते काम कोणी शिकविलेलेच नसते.

अधिकाराविना जबाबदारी किती महाग पडते, हे अहमदनगरने दाखविले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्याच दिवशी अकरा रुग्ण दगावले. पुढे अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्यास व तीन परिचारिकांना. त्यांच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालयाचा, आमचा नव्हे. परंतु विजेची जोडणी, अग्निशमनाची साधने, बाहेर पडण्याची वाट यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे नाही, त्यांनाच जाब द्यावा लागतो, हा न्याय विचित्र खरा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा काढली, तिच्यातून बाहेर पडलेल्या परिचारिका पुढे इतर रुग्णालयांच्या प्रमुख झाल्या. आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी मुलींना ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास पाठविले, तेव्हा सभ्य घरांना तो धंदा हलका वाटत असे. आपल्याच दापोली तालुक्यातील मुरूडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठात १९६४ साली परिचर्येचे महाविद्यालय निघाले. ज्ञानाची वाट अशी मोकळी झाली. अधिकाराची झाली नाही.

आता कायदाही बदलला आहे. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. आयोगाच्या अध्यक्षपदासाठी त्याने परिचर्येतील पदव्युत्तर पदवी आणि वीस वर्षांचा अनुभव आवश्यक ठरविला. दिल्लीत जे मान्य झाले, ते जिल्ह्याच्या गावी मान्य होण्यास हरकत कोणती?

हरकत एकच ऐकू येते, आणि ती खोटी नाही: आधीच परिचारिका कमी, त्यांतून शिकावयास कोणाला सोडावे? म्हणूनच हे काम महाविद्यालयाने अंगावर घ्यावे. परिसेविका होण्यापूर्वी प्रत्येकीस जमाखर्च, मनुष्यबळाची आखणी, जंतुसंसर्ग व आगीपासूनचा बचाव यांचे शिक्षण मिळावे. एका वेळी दोघींनाच सोडावे आणि त्यांच्या जागी बदली माणूस आधी नेमावे. काही महिने त्यांनी अधिसेविकेच्या हाताखाली प्रत्यक्ष कारभार पाहावा. औषधखरेदीच्या व सुरक्षिततेच्या समित्यांवर अधिसेविकेस सभासद म्हणून घ्यावे, केवळ विचारतील तेवढी माहिती देण्यापुरते बोलावू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही. अधिष्ठात्यांनी मनावर घेतले, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी पहिल्या दोघी शिकून परत वॉर्डात येतील.