भीमथडीचे तट्टू आणि अरबी घोडा

पाडव्याच्या मुहूर्तावर दारात वाहन उभे करावे, त्याला झेंडूची माळ घालावी, चाकाखाली लिंबू ठेवावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटावेत, ही आपली चाल मला मनापासून आवडते. तिच्यावर मला काहीच बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्या मुहूर्ताआधी महिना-पंधरा दिवस घराघरांतून जे महाभारत चालते त्याविषयी. आमच्या सातारा-सांगलीकडे हल्ली विशी-बाविशीतल्या पोरांना साधी मोटारसायकल नको असते. त्यांना डोंगर चढणारी, लांबचा पल्ला मारणारी, उंच चाकांची 'ॲडव्हेंचर' गाडी हवी असते. नवी परवडत नाही, म्हणून ती जुनी शोधतात. येथवर सारे ठीक. पण मग कोणीतरी दीडशहाणा मंत्र देतो, 'घ्यायची तर मोठीच घ्यायची!' आणि बापाच्या उसाच्या बिलावर त्या मंत्राचा अभिषेक सुरू होतो.

हा मंत्र खोटा आहे, असे माझे स्वच्छ मत आहे. तो घराला बुडवणारा आहे आणि प्रसंगी पोराला मारणाराही आहे. म्हणून दिवाळीच्या आनंदात थोडे कडू बोलण्याची परवानगी वाचकांनी मला द्यावी. फराळात कारल्याची चकती सहसा नसते. पण एखादी असली तर बिघडत नाही.

प्रथम शब्दच घेऊ. मी पेशाने मास्तर, तेव्हा शब्दापासून सुरुवात करणे मला भाग आहे. 'ॲडव्हेंचर' म्हणजे साहस, असे आपण सहज म्हणतो. परंतु आपल्या जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' हा गुन्ह्याचा एक प्रकार आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? बळाच्या जोरावर, परिणामाचा विचार न करता केलेले कृत्य म्हणजे साहस, आणि त्याला दंड सांगितलेला आहे. दुकानदार विकतो ते साहस कोणते आणि आपण घेतो ते कोणते, हे एकदा ज्याचे त्याने तपासून पाहावे.

आता गाड्यांकडे वळू. जुन्या बाजारात आमच्याकडे मुख्यत्वे तीन नावे फिरतात. पहिली रॉयल एन्फील्डची हिमालयन. ही २०१६ साली आली. ४११ सीसीचे इंजिन, साडेचोवीस अश्वशक्ती, १५ लिटरची टाकी. सुरुवातीच्या गाड्या कार्बुरेटरच्या होत्या आणि त्यांच्याविषयी तक्रारीही पुष्कळ झाल्या; २०१७ मध्ये इंधन-इंजेक्शन आले, २०२० मध्ये बीएस-६ झाले, आणि २०२३ च्या अखेरीस तिची जागा नव्या ४५० ने घेतली. दुसरी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. ही २०२० ची, आपल्या चाकणलाच तयार होणारी. ३७३ सीसी आणि तब्बल त्रेचाळीस अश्वशक्ती. तिसरी हिरोची एक्सपल्स २००. ही २०१९ ची. दोनशे सीसीला थोडी कमी आणि अश्वशक्ती जेमतेम अठरा. पोरांच्या दरबारात पहिल्या दोघींना सिंहासन आहे. तिसरीला पायरीशी उभे करतात.

मी त्या तिसरीचा वकील आहे.

कोणी म्हणेल, 'मास्तर, अठरा अश्वशक्ती म्हणजे तट्टूच की!' होय, तट्टूच. पण मराठ्यांच्या मुलाने तट्टू हा शब्द शिवीसारखा वापरावा, यासारखा विनोद नाही. भीमा नदीच्या काठचे भीमथडीचे तट्टू ठेंगणे, काटक, मिळेल ते खाऊन राहणारे आणि डोंगरात न अडखळणारे. मोगलांकडे उंच, देखणे, आयात केलेले घोडे होते. त्यांना दाणा वेगळा, त्यांची निगा वेगळी. सह्याद्रीच्या घाटांत कोणाचा जीव मेटाकुटीला आला, ते चौथीचे पोरही सांगेल. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आले, ते कोणत्या गटातून? बँटमवेट! म्हणजे हलक्या वजनाच्या गटातून. त्यांना कोणी 'थोडे मोठे असता तर' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

ही झाली उपमा. उपमेने पोट भरत नाही, म्हणून आता रस्त्यावर येऊ. आमचे रस्ते दोन तऱ्हांचे. एक पुणे-बेंगळूरचा चौपदरी महामार्ग. त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाची मुभा नाही. केंद्र सरकारने २०१८ साली घालून दिलेली ती कमाल मर्यादा आहे. तेवढा वेग एक्सपल्सही देते. मग त्रेचाळीसातले उरलेले घोडे कशासाठी दाणा खातात? कायदा मोडण्यासाठी, दुसरे काय! दुसऱ्या तऱ्हेचे रस्ते म्हणजे कासच्या पुढे बामणोलीकडे उतरणारी वळणे, कोयनानगरहून चिपळूणला जाणारा कुंभार्ली घाट, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे पठार, शिराळ्याच्या डोंगरवाड्या आणि जतचा दगडधोंड्यांचा माळ. तेथे पावसाळ्यात शेवाळ, हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांनी सांडलेली चिपाडे आणि उन्हाळ्यात धूळ. येथे वेग कामाचा नाही, तोल कामाचा.

तोलाचे गणित वजनात असते. बीएस-६ हिमालयनचे वजन १९९ किलो. एक्सपल्स १५४ किलोच्या आसपास. मधला फरक पंचेचाळीस किलोचा, म्हणजे साखरेचे जवळजवळ पूर्ण पोते. आता कल्पना करा, शिवसागर जलाशयापलीकडच्या एखाद्या वाडीच्या वाटेवर चिखलात गाडी आडवी झाली आहे, मोबाइलला रेंज नाही, पाऊस कोसळतो आहे. अशा वेळी ते साखरेचे पोते उचलायला कंपनीचा माणूस येत नाही. ज्याला आपली पडलेली गाडी एकट्याला उभी करता येत नाही, त्याने ती गाडी डोंगरात नेऊ नये, हा माझा पहिला नियम. गाडी पाहायला जाल तेव्हा ती मऊ जमिनीवर मालकाच्या संमतीने हलकेच आडवी करून उचलून पाहा. मालक नको म्हणाला, तर निदान मनात उचलून पाहा.

न्यायाने बोलायचे तर दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. हिमालयनची बैठक ८०० मिलिमीटर उंचीची, म्हणजे तिघींत सर्वांत खाली. एक्सपल्सची ८२३ आणि केटीएमची ८५५. पाच फूट चार इंचांच्या गड्याचे पाय हिमालयनवर टेकतात, केटीएमवर तो बोटांवर नाचतो. बायकोला मागे बसवून, दोन्ही बाजूंना सामान लावून वर्षातून दोनदा कन्याकुमारी-लडाख करणारा कोणी असेल, तर त्याने खुशाल २०२० नंतरची हिमालयन घ्यावी. तिचे संथ, खालून ओढणारे इंजिन त्या कामाचे आहे. आणि ज्याचा बहुतेक प्रवास चांगल्या डांबरावर, हात मुरलेला आणि खिसा खोल, त्याला केटीएम शोभेल. माझे भांडण ह्या गाड्यांशी नाही. वर्षातून एकदा महाबळेश्वर आणि रोज कॉलेज किंवा एमआयडीसी, एवढाच ज्याचा प्रवास, त्याने लडाखचे ओझे बारा महिने वाहावे, ह्या वेडाशी माझे भांडण आहे.

शिवाय दुरुस्तीचा प्रश्न आहेच. आमचा मुलूख यंत्रांना बुजणारा नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सुरुवात केली ती बेळगावात सायकलीच्या दुकानापासून. साताऱ्यात कूपरांचा कारखाना आहे, आणि ह्याच साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने 'प्रिया' काढली. त्या प्रियेवर नवरा, बायको, दोन मुले आणि पुढे उभी भाजीची पिशवी असा संसार एका पिढीने ओढला. ती बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री तिला अर्ध्या तासात खोलत असे. मोटारसायकल निवडताना माझा दुसरा नियम हाच : तुमच्या तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला विचारा, 'बाबा, ही तुला खोलता येते का?' तो हसून 'आणा की' म्हणाला, तर घ्या. 'ते काँप्युटर लावून बघाय लागतंय, पुण्याला न्या' म्हणाला, तर हात जोडा आणि परत फिरा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरोखर लेखणी उचलली ती सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा ५४ फुटांवर चढले. त्या दोन्ही वेळी माणसांच्या हालांपुढे गाड्यांचे कोणाला सुचणार? पण कितीतरी गाड्या पाण्याखाली राहिल्या, आणि पाणी ओसरल्यावर त्या काही भंगारात गेल्या नाहीत. त्यांतल्या पुष्कळ धुऊन, पुसून, रंग मारून बाजारात आल्या. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक मोठी गाडी एका विक्रेत्याकडून घेतली. आईची पाटली गहाण पडली होती. तीन महिन्यांत वायरिंगने दगा दिला, रात्री भर घाटात दिवा विझला, आणि पोरगा कठड्याला लागून वाचला. मला म्हणाला, "गुरुजी, गाडी कशी घोड्यावानी दिसत हुती बघा." दिसत होती, यात शंका नाही. बुडालेला घोडाही धुतल्यावर चमकतोच.

म्हणून वाचकहो, हे परिच्छेद कापून ठेवा. बुडालेली गाडी ओळखायची ती दिव्याच्या काचेच्या आतल्या गाळाच्या रेषेवरून. बैठक काढा; खालच्या बोल्टांच्या आट्यांत गंज, वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यांत वाळलेली बारीक माती, ही तिची जन्मखूण. इंजिनचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. गाडी पाहायला सकाळी, न सांगता जा आणि इंजिनला हात लावून पाहा. ते आधीच गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होताना काय बोलते ते तुमच्यापासून लपवले आहे. हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकले, तर बॉलरेस गेली आहे किंवा गाडी समोरून आदळली आहे. स्पोकची चाके फिरवून डुगडुगतात का ते पाहा, ॲलॉयच्या कडेला चीर आहे का ते बोटाने चाचपा.

आणि कागद! आमचे लोक गाडीच्या आरशावर ओरखडा दिसला की पाचशे रुपये कमी करून घेतात, पण कागदावर बापाचे नाव नाही हे सहा महिने पाहत नाहीत. इंजिन आणि चासी यांचे नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहा. फॉर्म २९ आणि ३० भरून, कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवून घ्यायचे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा. हे विकणाऱ्यालाही सांगतो : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला आहे की, सरकारदप्तरी ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. तुम्ही गाडी विकून पैसे मोडून खाल्लेत आणि नाव तसेच राहिले, तर तिसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची नोटीस तुमच्या उंबऱ्यावर येईल.

आता शेवटचा आक्षेप. 'मास्तर, तुम्ही पोरांची स्वप्ने छाटता.' मुळीच नाही! मी कादंबऱ्या लिहितो. स्वप्ने छाटून माझे घर कसे चालेल? उलट माझे म्हणणे असे की, ज्या पैशात मोठी, थकलेली, तीन मालक पाहिलेली गाडी येते, त्याच पैशात बहुधा लहान, कमी चाललेली, एका हाताची गाडी येते, आणि वर चार पैसे उरतात. त्या पैशांतून दोन चांगली हेल्मेटे घ्या. दोन म्हणतो आहे मी, कारण मागे बसणाऱ्यालाही डोके असते आणि कायद्यालाही ते मान्य आहे. घोटा झाकणारे बूट घ्या. नवे टायर, नवी चेन घाला. आणि उरलेल्या पेट्रोलात कांदाटीचे खोरे, दंडोबाचा डोंगर, सागरेश्वर पाहून या. शेजारचे डोंगर न पाहता हिमालयाच्या गप्पा मारणे हे साहस नव्हे, ती आळसाची एक रंगीत जात आहे.

बापांना सांगणे एवढेच की, पोराला 'नाही' म्हणू नका; 'कोणती आणि का' असे विचारा. आणि पोरांनो, आईची पाटली गहाण टाकून मिळते त्या गाडीची अश्वशक्ती किती का असेना, ती ओढते आहे तुमची आई, हे विसरू नका. यंदाच्या पाडव्याला दारात तट्टू बांधा. माळ त्यालाही तितकीच शोभते.