पासष्टीच्या म्हाताऱ्यांचे भय

भारत आणि पाकिस्तानचे बिनसले की पहिला बळी व्हिसाचा. बोलणी पुन्हा सुरू झाली की मंत्री हात मिळवतात, फोटो निघतात, क्रिकेटचा संघही खेळून जातो. सामान्य माणसाचा व्हिसा मात्र सगळ्यांच्या मागून, रडतखडत येतो.

८ सप्टेंबर २०१२ रोजी इस्लामाबादेत एस. एम. कृष्णा आणि रहमान मलिक यांनी नव्या व्हिसा करारावर सह्या केल्या. आधीचा करार १९७४ सालचा. त्यात व्हिसा देशाचा नव्हे, मोजक्या शहरांचा मिळे, वर पोलीस ठाण्यात हजेरी. नव्या करारात तीन शहरांची पाच झाली, पर्यटकांच्या गटांना वाट मिळाली. पण खरे मोलाचे कलम एकच होते: पासष्टी उलटलेल्या माणसाला अटारी-वाघा नाक्यावर पोचताच ४५ दिवसांचा व्हिसा.

मुहूर्त होता १५ जानेवारी २०१३. ८ जानेवारीला नियंत्रण रेषेवर आपले दोन जवान मारले गेले, एकाचा शिरच्छेद झाला. देश संतापला, आणि तो संताप खरा होता. पण त्याचा चटका कुणाला बसला? ज्या दिवशी योजना सुरू व्हायची, त्याच दिवशी ती थांबवली गेली. पाकिस्तानचा क्रिकेट संघ आठवडाभर आधीच भारतातली मालिका संपवून गेला होता.

थोडा हिशेब करा. त्या जानेवारीत पासष्टी ओलांडलेली माणसे म्हणजे, जवळजवळ सगळीच, फाळणीपूर्वी जन्मलेली. शेजारच्या देशात राहिलेले घर एकदा पाहून यावे, एवढीच त्यांतल्या अनेकांची मागणी. एका अण्वस्त्रसज्ज राष्ट्राला ह्यांची भीती वाटली!

सुरक्षेचे काय, असे कोणी विचारील. विचारावेच. २००८ साली मुंबईत आलेले दहा जण समुद्रातून आले, त्यांनी कुठल्या खिडकीवर अर्ज केला नव्हता. व्हिसा घेऊन आला तो हेडली, आणि त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा होता. त्यानंतर आपण पर्यटक व्हिसाचे नियम कडक केले, पण अमेरिकनांना दार बंद केले नाही. छाननी हवीच, हवी तेवढी कडक करा. सरसकट बंदी म्हणजे छाननीचा कंटाळा.

आम्हां गोंयकारांना तरी हे समजायला हवे. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली. उद्देश योग्यच होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण माझ्या आजीचे सासर पेडण्यात, माहेर सावंतवाडीकडे, आणि मध्ये पत्रादेवीचा नाका. तिचे वडील गेले तेव्हा परवाना हातात पडेपर्यंत तेरावा उरकला होता. सालाझारला त्याचा काडीचाही त्रास झाला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, रुग्णांचेसुद्धा. अटारीला मुलांचा पासपोर्ट पाकिस्तानी म्हणून मुले पलीकडे, आईचा भारतीय म्हणून आई अलीकडे, असे प्रसंग घडले. कट रचणाऱ्यांपैकी कोण त्या रांगेत उभा होता?

असे लिहिले की पाकधार्जिणा म्हणून शिक्का बसतो. बसू दे. १९९२ पासून दर १ जानेवारीला हे दोन देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झाले, मुंबई झाली, पहलगाम झाले, तो रिवाज मोडला नाही. बोलणी बंद असतानाही पाळायचा करार काय असतो, हे दोन्ही सरकारांना चांगले ठाऊक आहे. पासष्टीचा व्हिसा आणि दुभंगलेल्या कुटुंबांचा व्हिसा त्याच खात्यात टाका. पर्यटन रोखा, व्यापार रोखा, क्रिकेट तर खुशाल रोखा. पण म्हाताऱ्यांची ती खिडकी अटारीला उघडा, आणि पुढच्या चकमकीला ती बंद होणार नाही असे लेखी द्या.