पेढीची वेळ आणि पोटाची वेळ

रोजमेळातील एका पैशाची चूक सापडेपर्यंत आपण झोपत नाही. पोटाच्या हिशेबातील गफलत मात्र नित्य चालवून घेतो. सकाळी गिऱ्हाईक दारात म्हणून शौचाचा वेग दाबावा, दुपारची भूक चहावर भागवावी, दिवसभर गादीवर बसावे आणि रात्री दुकान बंद झाल्यावर भरपेट जेवून लगेच आडवे व्हावे, हा आपला दिनक्रम.

जेवणानंतर जठर रिकामे होण्यास साधारणतः चार तास लागतात. त्याआधी आडवे झाल्यास आम्ल अन्ननलिकेत चढून छातीत जळजळ होते. वेग वारंवार दाबल्याने मलावरोध जडतो. मग गल्ल्याशेजारी चूर्णाची पुडी येते.

रात्रीभोजनत्याग व ऊनोदरी ही आपली व्रते अहिंसा आणि संयम यांसाठी आहेत. पण त्यांत पोटालाही विसावा आहे. ज्यांस पूर्ण व्रत झेपत नाही, त्यांनी निदान सूर्यास्तापूर्वी घरचा डबा पेढीवर मागवावा व नंतर शतपावली करावी.

एकट्याने दार लोटले तर गिऱ्हाईक शेजारी जाते; सर्वांनी लोटले तर कोणाचेच जात नाही. म्हणून सायंकाळची ही अर्ध्या तासाची सुट्टी आपल्या संघानेच ठरवून द्यावी, अशी नम्र सूचना आहे.