ऑलिव्हचा चहा प्या, पण बीपीची गोळी सोडू नका

कोपरखैरण्याच्या वस्त्यांत बीपी तपासायला बसलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. “सिस्टर, मोबाईलवर सांगतात, ऑलिव्हच्या पानांचा चहा प्यायला की बीपी आणि शुगर दोन्ही जातं. मग गोळी बंद करू का?” माझं उत्तर एकच: नाही.

ऑलिव्ह हे मूळचं भूमध्य समुद्राकाठचं झाड. राजस्थान सरकारने २००७ नंतर इस्रायलच्या मदतीने त्याची लागवड केली. पुढे त्याच्या पानांचा चहाही बाजारात आला. या पानांत ओल्युरोपीन नावाचं कडवट द्रव्य असतं. २०११ साली इंडोनेशियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना आठ आठवडे, दिवसातून दोनदा, ५०० मिलिग्रॅम अर्क दिला आणि त्यांचा रक्तदाब उतरला. जाहिरातीत एवढंच सांगतात. पण तो मोजूनमापून बनवलेला अर्क होता, चहा नव्हता; आणि ते रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. आपल्या कपात ते द्रव्य किती उतरलं, हे कोण सांगणार?

बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून गोळी सोडलेला माणूस निर्धास्त राहतो. मग एक दिवस अर्धांगवायूचा झटका येतो आणि कमावता हात अंथरुणाला खिळतो. हातावर पोट असलेलं घर त्यातून लवकर सावरत नाही. गोळी आणि हा चहा दोन्ही घेतले, तर बीपी किंवा साखर जास्त उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून चहा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गरोदर बायांनी तो टाळावाच.

बिनसाखरेचा प्यायलात तर दिवसाचे चार-पाच गोड चहा सुटतील, हा फायदा मी मानते. पण त्यासाठी महागडं पाकीट कशाला? गवती चहा तर दारातल्या डब्यातही येतो.

तेच पैसे वाचवा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासून घ्यावी. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी ठेवा. पापड, लोणचं, सुकट यांतलं मीठही त्यातच धरा. तंबाखू आणि मिश्री सोडा.

तपासल्याशिवाय मानायचं नाही, ही आपली शिकवण. ती चहाच्या पाकिटालाही लावा.