मुंबईची फेरी : स्वस्त कोणती, महाग कोणती?

भोर-वेल्ह्याच्या व्यापाराचे समुद्राशी नाते नवे नाही. वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाड हे एके काळी सावित्री नदीवरचे बंदर होते. तो व्यापार आता राहिला नाही. आज आपल्या मणियार, अत्तार, शिंपी आणि कापड दुकानदार बांधवांसाठी समुद्रकाठचे शहर म्हणजे मुंबई. सणाच्या तोंडावर किंवा शाळा सुरू होण्याआधी रिकाम्या पिशव्या घेऊन निघायचे आणि कमीत कमी खर्चात माल आणायचा, हा आपला शिरस्ता. पण कमीत कमी खर्च कशाला म्हणावे, याचा हिशेब आपण नीट मांडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बहुतेकांचा बेत एका दिवसाचा असतो. भोरहून कापूरहोळमार्गे किंवा वेल्ह्याहून नसरापूरमार्गे पुणे गाठायचे, तेथून रेल्वेने 192 किलोमीटर. बाजारात पाय ठेवेपर्यंत दुपार होते आणि लगेच परतीच्या गाडीची धास्ती लागते. मग पहिल्या दुकानात जो भाव सांगितला तोच खरा! मुक्कामाचे पैसे वाचले याचे समाधान वाटते, पण त्याहून जास्त पैसे भावात गेलेले असतात. आम्हीही एकदा असेच घाईने टिकल्या आणि पिनांचे खोके उचलले. घरी येऊन उघडले तर वरचा थर एक आणि खालचा माल दुसराच. बदलून आणायला जावे तर भाडे मालापेक्षा जड. दोष आम्ही कोणाला देत नाही. खोके तिथेच उघडून पाहायला हवे होते.

म्हणून आम्ही म्हणतो, एक रात्र राहा. पहिल्या दिवशी फक्त भाव विचारा, वहीत लिहा. खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी करा. लांबच्या उपनगरातील स्वस्त खोलीपेक्षा बाजाराजवळची साधी खोली परवडते, कारण येण्याजाण्याचा वेळ आणि भाडे वाचते. पैसे देण्याआधी खोली, पंखा आणि पाणी पाहून घ्यावे, पावती घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर टॅक्सीची गरज नाही. क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट, मंगलदास मार्केट, लोहार चाळ हे सर्व पायी फिरण्यासारखे आहे. रविवारी घाऊक बाजार बहुतांशी बंद असतो, हे विसरू नये. घरच्या भगिनी खरेदीला सोबत येत असतील तर मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे, तेही हिशेबात धरावे.

आता मुख्य मुद्दा. समजा एका फेरीला भाडे, खोली आणि जेवण मिळून 1,500 रुपये लागले आणि माल 15,000 चा आणला, तर शेकडा 10 रुपये मालावर चढले. तोच एक माणूस चार दुकानांची यादी घेऊन गेला आणि 60,000 चा माल आणला, तर शेकडा अडीच. हमाली आणि मालाचे भाडे अर्थात वेगळे. शिवाय 60,000 च्या गिऱ्हाइकाशी घाऊक व्यापारी बोलतोही वेगळ्या सुरात.

मग आपण हे का करीत नाही? कारण शेजाऱ्याला आपला भाव कळेल ही भीती. आज महामार्गाने आपले गिऱ्हाईक तासा-दीड तासात पुण्याला जाते, नाहीतर घरबसल्या फोनवरून माल मागवते. आपली खरी स्पर्धा त्याच्याशी आहे, समोरच्या दुकानाशी नाही. चौघांनी मिळून नियम ठरवावेत : प्रत्येकाचे पैसे आणि पावती वेगळी, फेरीचा खर्च वाटून, आणि जाणारा माणूस दर वेळी बदलता. दुसऱ्याचा पैसा ही अमानत समजून वागले तर भांडणाला जागाच उरत नाही.

कारागीर बांधवांनी तर रिकाम्या हाताने जाऊच नये. शिवलेल्या कपड्याचा, विणकामाचा एखादा नमुना पिशवीत असावा. दहा ठिकाणी नकार मिळेल, पण एका ठिकाणी काम मिळाले तरी फेरीचे भाडे निघेल.

हवेचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस आणि बाकी बरेच महिने दमट हवा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर ठप्प झाले. असे रोज होत नाही, पण पावसाळी खरेदी शक्य तेवढी मे महिन्यातच उरकावी. कापड, कागद आणि जरीचा माल प्लास्टिकमध्ये बांधून आणावा.

मुक्कामाच्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जरूर बसा. समुद्र पाहायला पैसे पडत नाहीत. तिथेच वही उघडा, दिवसभरातले भाव पडताळा आणि सकाळची यादी पक्की करा. फेरी स्वस्त झाली की महाग, हे तिकिटावर नाही, त्या यादीवर ठरते.