खुर्ची आपली, दोरी कुणाची?



ग्रामपंचायतीची निवडणूक आली. जीप फिरायला लागली. ज्यांना पाच वर्षं आपल्या पाड्याची वाट सापडली नाही, त्यांना ती आता अंधारातही सापडते.

डिसेंबर 1996 मध्ये दिल्लीत पेसा कायदा झाला. आपल्या अनुसूचित भागात सरपंच आदिवासीच आणि पंचायतीच्या किमान निम्म्या जागा आदिवासींच्या, असं त्यात लिहिलंय. आपण खूष झालो. पण कायदा शेठ-सावकारांनाही वाचता येतो. स्वतःला खुर्चीवर बसता येत नाही, म्हणून ते आपल्यातलाच एक गडी धरतात. फॉर्मचा खर्च शेठचा, जीप शेठची, दारू-मटण शेठचं. मग निवडून आल्यावर सरपंच ऐकणार कुणाचं?

आमचं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या पैशाने प्रचार, त्याचाच सरपंच. म्हणून प्रचार गावानेच करायचा.

कसा? आधी पाड्यापाड्यात बैठक. उमेदवार सगळ्यांसमोर ठरवायचा. निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथे नुसती कुणाची तरी बायको नको, बैठकीत उठून बोलणारी बाई पाहिजे. खर्चाला घरटी थोडा भात, नाहीतर एका दिवसाची मजुरी. हिशेब बैठकीत वाचून दाखवायचा. जीप नसली तरी पाय आहेत.

"प्लॉट नावावर करून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते सरपंचाच्या हातात नाही. ग्रामसभा वेळेवर भरवणं, गेलेल्या जमिनीचा प्रश्न तिथे मांडणं, प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी गावाला विचारलंच पाहिजे म्हणून अडून बसणं, हे त्याला करता येतं. तेवढंच वचन मागा.

काहीजण म्हणतात, "त्यांची दारू पिऊ, मत आपल्यालाच देऊ." आम्हाला हे पटत नाही. मतासाठी देणारा गुन्हेगार, तसा घेणाराही. आणि ज्याने घेतलं, तो उद्या ग्रामसभेत कुठल्या तोंडाने जाब विचारणार?

संघटनेच्या उमेदवारालाही हेच लागू. खुर्चीवर बसल्यावर आपलाही माणूस बदलतो, हे आपण पाहिलंय. म्हणून दर महिन्याला पाड्यावर येऊन हिशेब देईन, असं त्याच्याकडून आधीच सगळ्यांसमोर कबूल करून घ्या.

असं करून हरलो तरी बैठकीची सवय गावात राहील. जमिनीच्या लढाईला तीच लागते.

तुमच्या पाड्याची बैठक कधी, ते ठरवा आणि कार्यकर्त्याला कळवा.

जिंदाबाद!